उतरवणाऱ्याचा वाटा

तोंडावरचा मास्क मिशीवर नीट बसेना, तेव्हा शिड्याने कोठाराच्या नळाशी उकिडवं बसून मिशी काढली. ठेकेदाराने आपल्या मोटारसायकलचा आरसा फिरवून त्याच्या तोंडासमोर आणला होता. साबण कपड्यांचा होता आणि ब्लेड बोथट. मिशी गेली तसा वरचा ओठ पिठासारखा पांढरा निघाला. इतकी वर्षं त्याला ऊन लागलं नव्हतं.

"आता पट्टे ओढ," ठेकेदार म्हणाला. "पुढून हाताने झाक आणि श्वास घे. रबर आत ओढलं जातंय ना? मग झालं. केसांतून हवा शिरली की हवेबरोबर धूळ शिरणार. नियम माझा नाही, मालकाचा आहे."

शिड्याची बायको पाठीवर फवारणीचा पंप चढवून उभी होती. तिने त्याला वरून खाली बघितलं.

"बरे दिसता," ती म्हणाली. "पहिल्यांदाच चोर कमी आणि माणूस जास्त."

शिड्या हसला नाही. त्याला शिड्या म्हणत ते उंचीमुळे, आणि पोरवयापासून दुसऱ्यांच्या छपरांवर चढत आला म्हणून. बापही हेच, जुनी छपरं उतरवायचं काम करायचा. मिशी सोडली तर त्याच्या अंगावर मिरवण्यासारखं फारसं काही नव्हतं.

वाऱ्याचे दिवस नुकते सुरू झाले होते आणि पहिल्याच वादळाने वस्तीची दैना केली होती. कुणाचं गवत उडालं, कुणाच्या घराचं टिन शेतापलीकडे जाऊन पडलं. वस्तीबाहेरच्या जुन्या कोठाराचा एक कोपरा फुटला आणि राखाडी सिमेंटच्या पत्र्यांचे तुकडे वाटेवर विखुरले. कोठाराच्या मालकाने ठेका दिला. सगळे पत्रे उतरवायचे, न फोडता, ओले करून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. मग बंद ट्रकमधून लांब, असल्या मालासाठी मुद्दाम खणलेल्या खड्ड्यात न्यायचे. ट्रक एकदाच येणार होता.

त्या पत्र्यांत एक तंतू असतो. डोळ्यांना दिसत नाही. पत्रा अखंड आहे तोवर तंतू गप्प असतो. पत्रा कापला, फोडला, घासला की तो सुटतो, आणि माणसाच्या छातीत एकदा शिरला की न उठणाऱ्या पाहुण्यासारखा तिथेच मुक्काम ठोकतो. हे शिड्याला आणि त्याच्या बायकोला गेल्या साली शहरातल्या एका कामावर एका बाईंनी शिकवलं होतं. शिड्याने मान डोलावून ऐकलं होतं. बायकोने मान डोलावली नव्हती. तिने ऐकता ऐकता आपल्या सासूचा खोकला आठवला होता.

संध्याकाळी शिड्या घरी आला तेव्हा म्हातारी खाटेवर बसून धाप टाकत होती. तिने डोळ्यांवर हात धरला.

"कोण रे?"

"आई, मी."

"माझ्या पोराला मिशी होती."

"उगवेल परत."

"उगवेल. गवतसुद्धा उगवतं," म्हातारी म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

चौकातल्या सायकल दुकानात त्याहून वाईट झालं. दुकान दाजींचं, म्हणजे शिड्याच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं. दाजींची मिशी वस्तीत एक नंबरची. तिच्या टोकांना ते चाकाचं ग्रीस लावून पीळ देतात असं लोक म्हणत, आणि दाजींनी ते कधी नाकारलं नव्हतं.

"मेहुणे," दाजींनी पंक्चर काढता काढता मोठ्याने विचारलं, "मिशी कुठे गहाण टाकली?"

दुकानासमोरची सगळी माणसं हसली. शिड्याने चाकात हवा भरून घेतली आणि पायीच सायकल ढकलत घरी आला.

*

काम सकाळी, वारा उठायच्या आत सुरू व्हायचं. शिड्या, त्याची बायको आणि आणखी दोघं पांढरे कागदी डगले घालत, मनगटाशी आणि घोट्याशी पट्टी चिकटवत, मास्क चढवत. मग फळ्या टाकून छपरावर जायचं, कारण अशा पत्र्यावर पाय थेट ठेवला तर माणूस सरळ खाली जातो. त्यांच्या आधी बायको जायची. पंपात साबणाचं पाणी असायचं. ती दांडा हलवत रांगेवरून रांगेवर फवारत जाई आणि राखाडी पत्रे काळे पडत. पंपाचे पट्टे खांद्यात रुतत. झाकणातून पाणी पाठीवरून कमरेपर्यंत ओघळे, आणि वरून ऊन. वस्तीने तिचं नाव पंपवाली ठेवलं होतं. घरात सोडून सगळीकडे आता हेच नाव चालत होतं.

पत्रे वाशांना धरून ठेवणारे लोखंडी आकडे गंजून पत्र्याशी एकजीव झालेले. ते हिसकायचे नाहीत. लांब दांड्याच्या कातरीने एकेक तोडायचा, तोडताना बायकोने त्याच जागी फवारा धरायचा. मग पत्रा दोघांनी उचलायचा, झोपलेलं मूल उचलावं तसा, आणि दोरीवरून खाली सोडायचा. खाली जाड प्लास्टिक अंथरलेलं. पत्र्यांची चळत झाली की प्लास्टिकचे दोन थर, त्यावर रुंद चिकटपट्टी, चारी बाजूंनी गच्च. काम संपलं की डगले तिथेच पिशवीत, आणि ताडपत्रीच्या आडोशाला अंघोळ करूनच घरी. त्या आडोशावरूनही वस्तीत बोललं गेलं. बायको पंपाच्या नळीनेच अंघोळ करते, असं कुणीतरी उठवलं.

दोरीपलीकडे रोज माणसं जमायची. सुरुवातीला पांढऱ्या डगल्यांतली भुतं बघायला पोरं आली. मग मोठी माणसं आली, आणि ती पत्र्यांकडे बघत उभी राहू लागली.

इथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. छपरं उतरवणाऱ्यांत जुना रिवाज होता. जुनं छप्पर उतरवलं की त्यातले अखंड पत्रे उतरवणाऱ्याचे. त्याला उतरवणाऱ्याचा वाटा म्हणत. बिनबोभाट मिळायचा, कोणी वाद घालत नसे. शिड्याच्या बापाने याच वाट्यातून स्वतःचं घर शाकारलं होतं. अशी पिढ्यांची सवय असलेल्या माणसांसमोर ही दोघं अखंड पत्रे उतरवत होती आणि नव्या कोऱ्या प्लास्टिकमध्ये, दोन थरांत, पट्ट्या मारून ठेवत होती. वस्तीत कुणी नव्या कपाटालाही इतकं जपून गुंडाळलं नसेल. तेव्हा लोकांनी जो अर्थ काढायचा तो काढला. एवढं जपतात म्हणजे माल मोलाचा आहे.

दुपारी ताई आली, शिड्याची बहीण. दोरीशी उभी राहून तिने हाक मारली. बायको मास्क उतरवून, हातपाय धुऊन तिच्याजवळ गेली. मास्कच्या कडेचा लाल वळ तिच्या नाकावरून गालांपर्यंत उमटला होता.

"वहिनी, पोरीचे दिवस भरत आलेत," ताई म्हणाली. "मागची खोली वादळाने उघडी पाडली. बाळंतीण कुठे ठेवू, अंगणात?"

"आमच्याकडे आणा, वन्सं."

"तुमच्याकडे जागा कुठे आहे? मला पत्रे दे. चार-सहा. वाट्यातले."

"या कामात वाटा नाही."

"आमच्या बाबांना मिळायचा."

"मिळायचा," बायको म्हणाली. "आणि बाबा कसे गेले ते तुम्हाला ठाऊक आहे. धापा टाकत, उशीला टेकून, बसल्या बसल्या."

"ते विडीने गेले."

"विडी ओढत नव्हते ते."

ताईचा चेहरा बदलला. "म्हणजे माझ्या पोरीने उघड्यावर बाळंत व्हायचं आणि तू हे सगळं गुंडाळून परक्याला विकायचं. भावाने मिशी काढली तेव्हाच कळायला हवं होतं मला, घरात चालतं कुणाचं ते."

बायकोने तोंड उघडलं, पण ताई वळून चालूही लागली होती. दोरीपलीकडच्या माणसांनी वाट करून दिली, सभेत मुद्दा जिंकलेल्या माणसाला देतात तशी.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी एक गठ्ठा चिरलेला सापडला. प्लास्टिक फाटलेलं, पट्ट्या लोंबत होत्या, वरचे पत्रे गायब. हातगाडीच्या चाकांचे माग कोठारापासून निघून थेट चौकाकडे गेले होते.

"कुणी नेले असतील?" ठेकेदाराने विचारलं.

शिड्या मागाकडे बघत राहिला. त्या गाडीचं एक चाक वाकडं होतं. ते त्यानेच दाजींना अनेकदा सांगितलं होतं.

बायकोने पंप भरला, मास्क चढवला आणि तशीच, डगल्यासकट, वस्तीतून निघाली. मागे पोरं, त्यांच्यामागे मोठी माणसं. शिड्या सगळ्यांच्या मागे.

ताईच्या मागच्या खोलीवर पत्रे चढले होते. शेवटचा लांब पडत होता म्हणून दाजींनी तो अंगणात दोन दगडांवर आडवा ठेवला होता आणि लोखंड कापायच्या करवतीने ते त्याची कड कापत होते. कोरडाच. करवतीखालून पांढरी पूड उडत होती आणि वाऱ्याबरोबर दोरीवरच्या धुतलेल्या कपड्यांवर, पाण्याच्या घागरीवर, दाजींच्या भुवयांवर बसत होती. भाची उंबऱ्यात पाय पसरून शेंगा सोलत होती. तिच्या पोटावरच्या कापडावरही पुडीचा हलका थर होता. ती मधूनच फुंकर मारून तो उडवत होती.

बायकोने दांडा हलवला आणि नळी धरली. पत्र्यावर, करवतीवर, हातावर आणि मग सरळ दाजींच्या तोंडावर.

दाजी ओरडत उठले. साबणाचं पाणी त्यांच्या मिशीवरून दोन धारांनी खाली येत होतं. पीळ सुटून मिशीची टोकं हनुवटीपर्यंत लोंबली होती. माणसं खदखदून हसली.

"वेड लागलंय का तुला?"

"भाऊजी, करवत खाली ठेवा," मास्कमधून तिचा आवाज डब्यातून आल्यासारखा आला. "पोरीला आत नाही, बाहेर न्या. लांब. वारा येतो त्या बाजूला."

"का? काय होतंय तिला?"

"आज काही होणार नाही. म्हणून तर कुणाला पटत नाही."

दाजींनी तोंड पुसलं. हसणाऱ्या माणसांवर त्यांची नजर फिरली, आणि त्यांना जे सुचलं ते त्यांनी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

"बाई, आधी आपल्या डोक्यावर बघ! तुझ्या सासऱ्याने कुठले पत्रे घातलेत घरावर? सोन्याचे? त्याच पत्र्याखाली रोज घोरत पडतेस आणि आम्हाला शहाणपण शिकवायला येतेस? लोकांना सांगे ब्रह्मज्ञान!"

आता हसणं दुसऱ्या बाजूला गेलं. कुणीतरी शिट्टी मारली.

बायको गुडघ्यांवर बसली आणि ओल्या फडक्याने अंगणातली पूड टिपू लागली. फडकं पिशवीत, दुसरं फडकं. सगळे बघत असताना तिने नणंदेचं अंगण असं हातांनी पुसून काढलं. भाची मुकाट्याने उठून शेजाऱ्यांच्या ओट्यावर जाऊन बसली. शिड्याने बायकोच्या हातातली पिशवी घेतली आणि पिशवीचं तोंड पट्टीने बांधलं. एवढंच त्याला सुचलं.

*

घरी आल्यावर तिने हातपाय पसरले आणि वर बघितलं. इतकी वर्षं ती या छपराखाली राहिली होती, पण असं बघितलं नव्हतं. पत्रे एका रंगाचे नव्हते. काही काळपट, काही हिरवट, एकावर जुन्या रंगाचा पट्टा. एकाच्या कोपऱ्याला तडा गेला होता आणि त्यातून उन्हाची सळई आत आली होती. सळईत बारीक कण तरंगत होते. ते कसले होते कोण जाणे. साधी धूळ असेल. पण ती उठून बसली.

"उतरवायचं," ती म्हणाली.

"काय?" शिड्याने विचारलं.

"हे. आपलं. ट्रक परवा जाणार. एकदा गेला की पुन्हा इकडे कोण पाठवणार आहे? वन्संच्या घरावरचे पत्रे तिथेच राहतील आणि त्यांच्या खाली ते मूल. दाजी खोटं बोलले नाहीत. आपलं छप्पर डोक्यावर असेपर्यंत माझं कुणी ऐकणार नाही. ऐकावं तरी का?"

"आणि राहायचं कुठे? वाऱ्याचे दिवस आहेत."

"ताडपत्री बांधू."

खाटेवरून म्हातारी बोलली. तिला मोठं वाक्य एका दमात पुरं करता येत नसे. ती ते हप्त्याहप्त्याने बोलायची. "हात लावून... बघ... माझ्या छपराला." ती थांबली, श्वास गोळा केला. "तो शाळेचा. तो दवाखान्याचा. तो पट्ट्यावाला... रंगाच्या कारखान्याचा. एकेक पत्रा डोक्यावर वाहून आणला त्याने. पांढरा होऊन यायचा. मी... दाराच्या चौकटीवर त्याचे कपडे झटकायची. असे धुळीचे लोट. लोक म्हणायचे... पिठाची गिरणी आली."

बोलून झाल्यावर तिला खोकला आला. तो लवकर थांबला नाही. शिड्याने पाणी दिलं. बायको दाराच्या चौकटीकडे बघत होती. खोकला संपल्यावर म्हातारीनेही चौकटीकडे एकदा बघितलं आणि मग डोळे मिटून घेतले.

सकाळी बायकोने ठेकेदाराला गाठलं.

"तुमच्या घरचे पत्रे? माझ्या ट्रकात?" ठेकेदार म्हणाला. "उद्या सगळी वस्ती येईल आपापलं छप्पर घेऊन."

"येऊ देत की."

"मालकाला काय सांगू?"

"सांगा, कोठाराचे पत्रे चोरीला गेलेत आणि ते परत आणायचा हा एकच रस्ता आहे."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

तिने पट्टे सोडले, पाठीवरून पंप उतरवला आणि त्याच्या पायांशी ठेवला. "मग हा घ्या. कोठाराच्या माथ्यावरच्या पत्र्यांची रांग अजून वर आहे. कोरडी काढा, तुमच्या हाताने."

ठेकेदाराने शिड्याकडे बघितलं. घरातला पुरुष काहीतरी शहाणपणाचं बोलेल अशी त्याची अपेक्षा असावी. शिड्याने गळ्यातला मास्क काढला आणि मोटारसायकलच्या आरशाला अडकवला.

"मिशी काय, उगवेल परत," तो म्हणाला.

उरलेल्या दोघांनीही मास्क काढले. ठेकेदार थोडा वेळ शिव्या देत फिरला, कुणालाच उद्देशून नाही. मग त्याने पंप उचलून तिच्या हातात दिला. "आधी माथ्याची रांग," तो म्हणाला. "मग तुमचं ते घर. प्लास्टिक जपून वापरा."

*

ट्रक आला त्या दिवशी घर उतरवायला घेतलं. भांडीकुंडी आधीच आवारातल्या झाडाखाली आणली होती. म्हातारी मात्र खाट सोडेना.

"मलाही गुंडाळा... दोन थरांत," ती म्हणाली. "टाका त्या खड्ड्यात."

"चिकटपट्टी पुरायची नाही, आई," शिड्या म्हणाला आणि त्याने तिला खाटेसकट उचललं. दुसऱ्या बाजूने बायकोने धरलं. झाडाखाली खाट ठेवल्यावर म्हातारीने दोघांकडे पाठ केली. पण बायको शिडीवर चढून फवारू लागली तशी ती हळूहळू वळून बसली.

दोरी बांधली होती आणि दोरीपलीकडे जवळजवळ सगळी वस्ती होती. आज कुणी भुतं म्हणालं नाही. स्वतःच्या घराचं चांगलं छप्पर, वादळाने सोडलेलं छप्पर, माणसं स्वतः उतरवताना त्यांनी बघितलं नव्हतं. एका म्हाताऱ्याने बाजूच्याला विचारलं, "यांना काही मिळणार आहे का?" बाजूचा म्हणाला, "ऊन."

पहिला पत्रा दोरीवरून खाली आला.

"शाळेचा," म्हातारी खाटेवरून म्हणाली.

दुसरा आला.

"दवाखान्याचा. हळू... कोपरा कच्चा आहे."

असं ती एकेक सांगत गेली. सांगता सांगता तिचा आवाज कोरडा पडत गेला. पट्ट्यावाला पत्रा उतरला तेव्हा ती काही बोलली नाही. बायकोने वरून बघितलं तर खाट रिकामी होती.

छपरावरून सगळी गल्ली दिसत होती. म्हातारी भिंतीला धरून चालली होती. चार पावलं, मग थांबायची. हात भिंतीवर, खांदे वरखाली. पुन्हा चार पावलं. एका पायरीवर ती बसली, आणि आता उठत नाही असं वाटलं. पण ती उठली.

"आई चाललीय कुठे?" शिड्या शिडीकडे सरकला.

"जाऊ द्या त्यांना," बायको म्हणाली. "आकडा तोडा. मी पाणी धरते."

म्हातारी चौकातून वळली आणि ताईच्या घराकडे दिसेनाशी झाली.

दुपार कलली. छपराचे नुसते वासे उरले. ट्रकचा ड्रायव्हर दोनदा भोंगा वाजवून गेला. ठेकेदार म्हणाला, अजून थोडा वेळ, आणि असं म्हटल्याबद्दल स्वतःवरच चिडल्यासारखा दिसला.

तेव्हा गर्दीतून एक माणूस दोरीपर्यंत आला. पहिल्यांदा कुणाला तो ओळखू आला नाही. चेहरा ओळखीचा, पण मधला भाग कुठून तरी उसना आणल्यासारखा. वरचा ओठ पांढराफटक, त्यावर ब्लेडचं ताजं कापलेलं.

"दाजी," शिड्या म्हणाला.

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं, मग आणखी कुणी, मग सगळेच.

"हसा," दाजी वळून म्हणाले. "पोट भरून हसा. उद्या तुमच्या मिशांवर ब्लेड फिरेल तेव्हा मी दुकान बंद ठेवून हसायला येईन." मग बायकोकडे बघून, जरा खालच्या आवाजात म्हणाले, "वर चढवलेले उतरवायचेत. मला ओलं करून काढता येत नाही. एखादा जादा मास्क आहे का?"

बायकोने पिशवीतून मास्क काढला. त्यांना पट्टे लावता येईनात. तिने ते लावून दिले. "पुढून झाका. श्वास घ्या," ती म्हणाली. "आत ओढलं जातंय?"

"जातंय," दाजी आतून म्हणाले. "डोळ्यांत पाणी येतंय, ते मास्कमुळे."

ताईच्या घरी म्हातारी ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती, ओठ निळसर झालेले. भाची तिला वारा घालत होती. ताई दाराशी उभी होती. बायको पंप घेऊन आत शिरायला लागली तशी ताई तिच्याजवळ आली. मास्क घातलेल्या माणसाशी कुठे बघून बोलायचं हे तिला कळेना.

"आई आली ती तशीच धापा टाकत," ताई म्हणाली. "माझं डोकं धरलं आणि स्वतःच्या छातीवर दाबलं. ऐक म्हणाली. वहिनी, आत कुणीतरी वाळक्या पानांवरून चालतंय. प्रत्येक श्वासाला चालतंय. मग तिने पोरीच्या पोटावर हात ठेवला. मला म्हणाली, आता तू सांग." ताईने नाक पुसलं. "मी काय सांगणार?"

"बादली आणा, वन्सं," बायको म्हणाली. "साबण घालून. वेळ नाही."

ताईने बादली आणली. दाजी खालून पत्रा धरत होते, शिड्या वरून सोडत होता. कापलेला पत्रा, त्याची कड, अंगणातल्या फडक्यांची पिशवी, सगळं गठ्ठ्यात गेलं. ट्रक चौकात आणला तेव्हा आणखी काही माणसं काही काही घेऊन आली. कुणी कपडे आपटायला ठेवलेला तुकडा, कुणी कोंबड्यांच्या खुराड्यावरचा पत्रा. कोरडे आणले म्हणून बायकोने सगळ्यांना झापलं आणि तिथेच भिजवून घेतले. सगळे आले असं नाही. वादळात फुटलेल्या कोपऱ्याचे वाटेवरचे तुकडे ज्याने उचलून नेले होते, तो कोण हे शेवटपर्यंत कळलं नाही. पलीकडच्या गल्लीतला एक माणूस तर दारात उभा राहून म्हणाला, "माझ्या बापाचा वाटा आहे, मी देत नाही." बायको त्याच्याकडे बघून म्हणाली, "ट्रक गेला तरी मी इथेच आहे. रोज विचारीन."

ट्रकचं मागचं दार बंद झालं. ड्रायव्हरने कडी लावली. शिड्याच्या बापाने आयुष्यभर डोक्यावर वाहिलेलं छप्पर धूळ न उडवता वळणाआड गेलं.

*

सूर्य टेकला तेव्हा घरात आकाश होतं. शिड्याने वाशांवरून ताडपत्री ओढली होती, पण एक बाजू अजून बांधायची राहिली होती. म्हातारीची खाट पुन्हा तिच्या जागी आली. भाचीही आली होती, ताईची खोली उघडी पडली होती ना. दोघींच्या खाटा शेजारी शेजारी. बायकोने दाराची चौकट ओल्या फडक्याने वरपासून खालपर्यंत पुसली, मग तेच फडकं पिशवीत टाकून दुसऱ्याने पुन्हा पुसली. म्हातारी तिच्याकडे बघत होती.

"जाईल का... त्याने?"

"चौकटीतलं जाईल, आत्याबाई."

म्हातारीने मान हलवली. उरलेल्याबद्दल तिने विचारलं नाही.

वारा उठला. ताडपत्रीची सुटी बाजू फडफडली आणि धाडकन भिंतीवर आपटली. शिड्या दोरी घेऊन शिडीवर चढला. तेवढ्यात रस्त्यावरून दाजींचा आवाज आला. ते दुकान बंद करून खांद्यावर दोरीचं भेंडोळं घेऊन येत होते. मिशी नव्हती, पण आवाज तोच होता.

"मेहुणे! छप्पर कुठे गहाण टाकलं?"

शिड्या वर दोरीची गाठ मारत राहिला. पण खाटेवरून म्हातारी उठून बसली. तिने दोन्ही हात गुडघ्यांवर रोवले, श्वास गोळा केला, आणखी गोळा केला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिने मोठं वाक्य एका दमात पुरं केलं.

"वाटा परत केला म्हणावं, आणि त्या वाऱ्यालाही सांग, काय न्यायचं ते आम्हीच काढून टाकलंय, आता ये!"